जास्त पैसे, कमी बटणं

"सेम सेम लाह! बट दॅट वन गॉट व्हिडिओ." दुकानातले अंकल मला तिसऱ्यांदा समजावत होते.

काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले होते. दोन्ही लायका कंपनीचे, दोन्ही वापरलेले, दोन्ही काळे. लांबून पाहिलं तर जुळे भाऊच. एक ‘एम टाइप २४०’, २०१२ साली जाहीर झालेला. दुसरा ‘एम टाइप २६२’, २०१५ चा. पहिल्यात व्हिडिओ होता, मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायची म्हणजे लाइव्ह व्ह्यूची सोय होती. दुसऱ्यात यातलं काहीच नव्हतं. किंमत जवळपास सारखी, उलट ‘नसलेल्या’ची थोडी जास्तच. मी नसलेला मागत होतो आणि अंकलना वाटत होतं, याला इंग्रजी नीट कळत नाही.

सिंगापूरला सिटी हॉल स्टेशनातून बाहेर पडून कोलमन स्ट्रीटकडे वळलं की पेनिन्सुला शॉपिंग सेंटर लागतं. जुनी इमारत, अरुंद एस्कलेटर. समोरच्या पेनिन्सुला प्लाझात सगळा म्यानमार भरलेला असतो, चहाच्या पानांच्या सॅलडपासून लुंग्यांपर्यंत. आणि या बाजूला वापरलेल्या कॅमेऱ्यांची दुकानं. काचेच्या कपाटांत आठवड्याभरापूर्वी विकायला आलेला मिररलेस आणि माझ्या आजोबांच्या वयाची लेन्स शेजारी-शेजारी बसलेले असतात. इथे येऊन मला अकरा वर्षं झाली होती, त्यातली निदान पाच वर्षं मी या दुकानांत नुसता बघायला जात होतो. त्या दिवशी मात्र पाठीवरच्या सॅकमध्ये माझा चांगला चालणारा मिररलेस कॅमेरा आणि दोन लेन्स होत्या. त्या विकून, वर आणखी पैसे घालून, मला कमी सोयींचा कॅमेरा घ्यायचा होता.

बायकोला आदल्या रात्री सांगितलं तेव्हा ती लेकीच्या शाळेची बॅग भरत होती. "म्हणजे आहे तो देऊन, वर पैसे देऊन, ज्यात फोकससुद्धा आपोआप होत नाही असा घ्यायचा?"

"हो."

"आणि तू ऑफिसात दिवसभर काय करतोस? नवीन फीचर्स." एवढं बोलून तिने चेन लावली. वालचंदला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि त्यानंतरची सगळी नोकरी, मी कोणत्या ना कोणत्या वस्तूत काहीतरी वाढवण्यातच घालवली आहे. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे खरं म्हणजे एकच गोष्ट होती आणि ती तिला माहीत होती.

मे २०२१ मध्ये आई सांगलीत गेली. कोविड. एप्रिलच्या अखेरीस सिंगापूरने भारतातून येणाऱ्या पासधारकांना दार बंद केलं होतं. मी तेव्हा एम्प्लॉयमेंट पासवर होतो. गेलो असतो तर परत कधी येता आलं असतं याचा पत्ता नव्हता आणि इथे लेक तीन वर्षांची होती. मी गेलो नाही. याबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही आणि इथेही जास्त लिहिणार नाही. पैलतीरावरच्या पुष्कळांनी त्या वर्षी हेच केलं, त्यांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी बाबांचा मेसेज आला. ‘आईचा एक चांगला फोटो पाठव. मोठा करायचाय. स्टुडिओवाला मागच्या दाराने करून देतो म्हणालाय.’ लॉकडाउन होता ना.

मी लॅपटॉप उघडला. क्लाउडवर आमचे एकेचाळीस हजार फोटो होते. चेहरा ओळखण्याची सोय आहेच. आईच्या चेहऱ्यावर क्लिक केलं, चारशे बारा फोटो समोर आले. पापणीचा केस न् केस मोजता यावा इतके स्वच्छ. माझा कॅमेरा माणसाचा डोळा शोधून त्यावर आपोआप फोकस करायचा, सेकंदाला दहा फोटो काढायचा. एकेका क्षणाचे वीस-वीस. मरीना बे, सेंटोसा, बोटॅनिक गार्डन, आमच्या घरातला सोफा. आणि चारशे बारापैकी एकातही ती आई नव्हती. ओठ मिटलेले, मान ताठ, पदर सारखा केलेला. ‘आई, इकडे बघ’ म्हटल्यावर ती जशी बघायची, तशी. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या हातातल्या वस्तूकडे बघत होती. आणि मी त्या वेळी कुठे बघत होतो, ते मला पक्कं आठवत होतं. स्क्रीनकडे. हिरवा चौकोन तिच्या डोळ्यावर बसलाय की नाही ते.

रात्री दोन वाजेपर्यंत शोधून मी चार फोटो पाठवले. सकाळी बाबांचं उत्तर आलं, ‘राहू दे, अल्बममधला सापडला.’

तो फोटो तुम्ही आमच्या सांगलीच्या घरी गेलात तर समोरच्या भिंतीवर दिसेल. १९९१ चा. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली आहे. सूप मांडीवर, आणि कोणीतरी काहीतरी बोललंय त्यावर ती मान वर करून हसते आहे. हात हललाय, त्यामुळे तो पुसट आलाय. मोठा केल्यावर तर दाणे दाणे दिसतात. बाबांनी काढलेला, याशिकाने.

आता थोडं या याशिकाबद्दल. माझा मामा बोटीवर होता. १९८० साली बोट सिंगापूरला लागली तेव्हा त्याने इथून एक याशिका इलेक्ट्रो ३५ नेला. तेव्हा आपल्याकडे सिंगापूर म्हणजे कॅमेरे, टेपरेकॉर्डर आणि नायलॉनच्या साड्या. १९८३ मध्ये आईबाबांचं लग्न झालं तेव्हा मामाने तो जावयाला देऊन टाकला. बाकीच्या जावयांना अंगठ्या मिळाल्या, बाबांना कॅमेरा. एमएसईबीतली नोकरी, पगार बेताचा, त्यामुळे छत्तीस फोटोंचा एक रोल गणपतीत भरायचा तो दिवाळीनंतर संपायचा. मग स्टुडिओत धुवायला टाकायचा. या कॅमेऱ्याची बॅटरी पाऱ्याची, विशिष्ट मापाची. ती मिळेनाशी झाली तेव्हा गावभागातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने दुसरी लहान बॅटरी, एक स्प्रिंग आणि पुठ्ठ्याची सुरळी घालून तो चालू करून दिला होता. वर दोन छोटे दिवे होते. लाल लागला की उजेड जास्त आहे. पिवळा लागला की उजेड कमी, शटर सावकाश पडणार. ‘पिवळा लागला की श्वास धरायचा,’ असं बाबा मला शिकवायचे.

याशिका हा रेंजफाइंडर कॅमेरा. बहुतेकांनी हा शब्द ऐकलेला नसतो, म्हणून सोपं करून सांगतो. अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ असेल तर मोठी उडी, लांब नेला तर छोटी. म्हणजे उडी मोजता आली तर अंतर मोजता येतं. रेंजफाइंडरमध्ये दोन डोळ्यांच्या जागी दोन खिडक्या असतात. एकीतून आपण बघतो, दुसरीतून आलेलं चित्र आरशांनी फिरवून पहिलीच्या मध्यभागी एका छोट्या उजळ चौकोनात पडतं. समोरच्या माणसाची तिथे दोन भुतं दिसतात. लेन्स फिरवायला लागलं की भुतं एकमेकांकडे सरकतात, आणि ती एकमेकांवर तंतोतंत बसली की फोकस झाला. बस्स. लायकामध्ये या खिडक्यांमधलं अंतर जेमतेम सात सेंटीमीटर आहे. दहावीच्या भूमितीतला त्रिकोण आणि एक लीव्हर. त्यात एकही ट्रान्झिस्टर नाही.

लायकाने ही युक्ती लेन्सला जोडली १९३२ मध्ये. १९५४ मध्ये ‘एम ३’ आला आणि त्याच्या लेन्सचं तोंड इतकं शहाणपणाने ठरवलं गेलं की तेव्हाची लेन्स आजच्या डिजिटल एमवरही बसते. (आमच्या धंद्यात तीन वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर चालवायचं म्हटलं तरी लोकांना घाम फुटतो.) हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि काही वेळातच त्यांची हत्या झाली. नंतरची ती गर्दी, ती अंत्ययात्रा त्याने टिपली, ती अशाच छोट्या लायकाने. त्याच्या कॅमेऱ्यात उजेड मोजायचं यंत्रसुद्धा नव्हतं.

डिजिटलमध्ये हा प्रकार आणला आधी एप्सनने. हो, प्रिंटरवाली एप्सन. २००४ मध्ये त्यांनी आर-डी१ काढला. त्यात फिल्म नसतानाही दर फोटोनंतर शटर भरायची मूठ अंगठ्याने ओढावी लागायची, आणि मागची स्क्रीन उलटी फिरवून झाकून टाकता यायची. लायकाचा पहिला डिजिटल ‘एम ८’ २००६ चा. मग २००९ मध्ये ‘एम ९’, तो मी घेतला नाही कारण त्या पिढीच्या सेन्सरवरच्या काचेला डाग पडायचा दोष सर्वश्रुत आहे आणि सिंगापूरची हवा अशा गोष्टींना माफ करत नाही. २०१२ मध्ये ‘एम टाइप २४०’ आला आणि एम घराण्यात पहिल्यांदाच व्हिडिओ आणि लाइव्ह व्ह्यू शिरला. काही लोक खूश झाले, काही खट्टू. तीन वर्षांनी कंपनीने २६२ काढला. २४ मेगापिक्सेल तेवढेच, फक्त व्हिडिओ काढून टाकला, लाइव्ह व्ह्यू काढून टाकला. वरचं पितळी झाकण बदलून अ‍ॅल्युमिनियमचं केलं, त्यामुळे ६८० ग्रॅमचा कॅमेरा ६०० वर आला. शटरचा आवाज आणखी दबका केला. मेन्यू दोन पानांत संपतो. वाय-फाय नाही, जीपीएस नाही. २०१६ मध्ये तर ‘एम-डी’ आला, त्यात मागे स्क्रीनच नाही. स्क्रीनच्या जागी एक चकती, तिच्यावर आयएसओचे आकडे.

तो एम-डी पण त्या दिवशी कपाटात होता आणि मी हातात घेऊन पाहिला. मागचा भाग जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा सपाट. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मन डळमळलं. पण तेवढा संन्यास मला झेपला नसता. मी माळ घातली तर चार दिवसांत काढीन अशातला माणूस.

आता मूळ प्रश्न. तो मला बायकोने, ऑफिसातल्या तिघांनी आणि अंकलनी विचारलाय. नको आहे तर बंद करून ठेव ना! २४० घे, व्हिडिओचं बटण दाबू नकोस. झालं.

ऐकायला बरोबर आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो, फीचर बनवतो आणि त्याच्यावर एक स्विच ठेवतो. पण ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलंय त्यांना माहीत असतं की बंद ठेवलेलं फीचर म्हणजे नसलेलं फीचर नव्हे. ते मेन्यूत जागा अडवतं. ते चुकून चालू होतं. आणि मुख्य म्हणजे दर वेळी ते न वापरण्याचा निर्णय आपल्याला नव्याने घ्यावा लागतो. मला माझी सवय ठाऊक आहे. समोर माणूस हलतोय, दोन भुतं काही केल्या एकमेकांवर बसत नाहीयेत, अशा वेळी लाइव्ह व्ह्यूचं बटण अंगठ्याखाली असेल तर मी ते दाबणार. आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसणार. कुलूप लावलेल्या दाराची किल्ली माझ्याच खिशात असेल तर त्या कुलपाला काय अर्थ? मला भिंत हवी होती. ज्याचं मन खंबीर आहे त्याने खुशाल २४० घ्यावा, तो चांगलाच कॅमेरा आहे.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, हे म्हणजे श्रीमंतांचं उपोषण. त्याचंही खोटं नाही. माझे दोन्ही जुने नग देऊन वर जे पैसे घातले त्यात सांगलीत बाबांच्या बाथरूमचं अख्खं काम झालं असतं. (ते काम मी नंतर केलं, पण क्रम चुकला, हे कबूल.) लेन्सला पैसे उरले नाहीत म्हणून कोसिना या जपानी कंपनीने बनवलेली फोक्टलेंडर ३५ मिलिमीटरची छोटी लेन्स घेतली, तीही वापरलेली. अंकलनी शेवटी मान हलवत बिल केलं आणि एक लेन्सचं झाकण फुकट दिलं.

त्या फुकटच्या झाकणाने पहिल्याच रविवारी घात केला. लिटिल इंडियात, टेक्का मार्केटच्या मागे फुलांच्या माळा करणाऱ्या बायका बसतात. मी तिथे मन लावून बारा फोटो काढले. घरी येऊन बघतो तर बारा काळी कुळकुळीत पानं. झाकण काढलंच नव्हतं! रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो, त्यामुळे झाकण असलं तरी जग लख्ख दिसत राहतं. उजेड कमी असल्याचा बाण खिडकीत लुकलुकत होता म्हणे, पण तो बघायचं भान कुणाला. लेक इतकी हसली की आमच्याकडे आता कोणी काही विसरलं की ‘बाबाचं झाकण’ म्हणतात.

दुसरी गंमत इथल्या हवेची. इथे कॅमेरा असलेल्या जवळपास प्रत्येक घरात एक ड्राय कॅबिनेट असतं, छोट्या फ्रिजसारखं दिसणारं, आतली आर्द्रता पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांवर धरून ठेवणारं. नाहीतर लेन्सला बुरशी येते. त्यातून एसी ऑफिसातून दुपारी बाहेर पडलं की सगळ्या खिडक्यांवर दव साचतं. दहा मिनिटं समोरचं सिंगापूर दुधात बुडालेलं. तेवढ्यात पाऊस येतो.

गणपतीची गोष्ट मात्र गमतीची नाही. २०२४ च्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात लेक पहिल्यांदा लेझीम खेळली. नऊवारी, नथ, सगळं. हॉलमध्ये उजेड कमी, मुलं सतत हलती, माझी लेन्स अंधारातली नव्हेच. अठ्ठावीस फोटो काढले, एकही धड आला नाही. एकात नथ नीट आली आहे, चेहरा नाही. बायकोने फोनवर व्हिडिओ केला, त्यात हलगीचा आवाज आहे, लेक पायरी चुकून पुन्हा सावरते ते आहे, शेवटी ती ‘आई गं’ म्हणते तेही आहे. तो व्हिडिओ सांगलीला गेला, पुण्याला गेला, अमेरिकेत बहिणीकडे गेला. माझे फोटो कुठेच गेले नाहीत. घरी येताना एमआरटीमध्ये बायको काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही हेच जास्त लागलं. तिचा मुद्दा साधा होता, आणि तो बरोबर होता. आईचा आवाज आमच्याकडे किती आहे? व्हॉट्सअ‍ॅपवरचे सात-आठ निरोप. ‘पोळ्या डब्यात ठेवल्यात, झाकण घट्ट लाव.’ आणि मी व्हिडिओ नसलेला कॅमेरा घेऊन आलो होतो.

तेव्हापासून घरात न ठरवता एक वाटणी झाली आहे. आवाज तिच्याकडे, मी फोटो काढतो. कार्यक्रम असला की मी कॅमेरा नेतच नाही, हात मोकळे ठेवून टाळ्या वाजवतो.

डिसेंबरात बाबा महिनाभर आले. गुडघे कुरकुरतात, विमानतळावर व्हीलचेअर सांगावी लागली, आणि चांगीला बाहेर आल्याबरोबर म्हणाले, "ही शेवटची खेप रे." ते गेल्या दोन खेपांनाही हेच म्हणाले होते, पण या वेळी मी हसून उडवू शकलो नाही.

आमच्या इमारतीखाली, इथल्या बहुतेक एचडीबी इमारतींखाली असतो तसा, व्हॉइड डेक आहे. नुसता मोकळा तळमजला, खांब, दगडी टेबलं, वारा. दुपारी चार चिनी आजोबा तिथे बुद्धिबळ खेळतात, त्यांचं ते वेगळं, गोल सोंगट्यांचं. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तिसऱ्या दिवशी ते त्यांच्यात जाऊन बसायला लागले. भाषा नाही. नुसते बघायचे. कोणी चुकीची चाल केली की चेहऱ्यावरून ओळखायचे आणि ‘च्च’ करायचे. ते लोक बाबांकडे बघून हसायचे.

मी ऑफिसातून जरा लवकर निघून तिथे जाऊ लागलो. पहिले दोन दिवस कॅमेरा काढलाच नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनीच मागितला. हातात घेऊन तोलला, खिडकीला डोळा लावला आणि म्हणाले, "अरे, हा तर आपला याशिका!" मग लेन्सची कडी फिरवत बसले. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं राहिलंय. सवय डाव्याची. "दोन दोन दिसतायत. बसत नाहीत एकमेकांवर."

मी म्हटलं, बसवू नका. छिद्र एफ ८ वर ठेवलं, अंतर तीन मीटरवर. ३५ मिलिमीटरच्या लेन्सला एवढं केलं की साधारण दोन मीटरपासून सातपर्यंत सगळं ठीकठाक फोकसमध्ये येतं, भुतं जुळवायची गरजच नाही. "तीन मीटर म्हणजे दोन काठ्यांवर उभं राहायचं. मग फक्त बघायचं."

"मग काय, याशिकावर मी तेच करायचो," बाबा म्हणाले. "तुझी आई कुठे थांबत होती भुतं बसेपर्यंत? रोलमध्ये तीन उरले होते त्या दिवशी. ती सूप घेऊन बसली आणि मी कपाटातून कॅमेरा आणेपर्यंत उठेल अशी भीती. आल्याआल्या म्हटलं, ‘तुझा भाऊ जेवायला येतोय, चार पाहुणे घेऊन.’ तिने वर बघितलं, आणि माझं तोंड बघून तिला कळलं, थापा मारतोय."

तेहतीस वर्षं तो फोटो बघतोय, ती कशाला हसली होती हे मला पहिल्यांदा कळलं.

बाबांनी त्या संध्याकाळी नऊ फोटो काढले. काढला की मागे बघायचं नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही, मागे काही बघायला असतं हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं. मी तसंही फोटो काढल्यावर आपोआप दिसायची सोय बंद करून ठेवली आहे (हो, एक स्विच माझ्याकडेही आहे). लेक शाळेच्या युनिफॉर्ममध्ये खांबाला टेकून आइस्क्रीम पाव खाते आहे, असा एक त्यांचा फोटो आमच्या फ्रिजवर लावलाय. क्षितिज चांगलंच तिरकं आहे. ते सरळ करू का म्हणून मी विचारलं तर लेकीनेच नको म्हटलं.

मी बाबांचे महिन्याभरात साठ-सत्तर काढले असतील. इकडे बघा म्हणायचं नाही, एवढंच पथ्य पाळलं. खिडकीत चौकटीच्या बाहेरचंही दिसत असतं, त्यामुळे कोण आत येतंय, कोण हात उचलतंय ते आधी कळतं. चौकटीच्या डाव्या बाजूला मला एका आजोबांचा हात घोड्याकडे जाताना दिसला. चाल चुकीची असणार, कारण बाबांच्या ओठांवर ‘च्च’ यायला लागला होता. मी दाबलं. त्याच क्षणी बाबांनी माझ्याकडे मान वळवली, ‘बघ, बघ याचं’ अशा डोळ्यांनी. शटर पडलेलंच होतं.

जायच्या आदल्या रात्री निवडक फोटो छापून आणले, सांगलीला न्यायला. जेवणाच्या टेबलावर पसरले. बाबांनी चष्मा लावून एकेक बघितला. सुनेचा, नातीचा, चिनी आजोबांचा. तो व्हॉइड डेकवरचा आला तेव्हा हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. मग वेगळा काढून माझ्यासमोर ठेवला.

"हा मोठा करून ठेव," म्हणाले. "म्हणजे मग तुला शोधत बसायला नको."

मला काही बोलता येईना. बायको उठून पाणी आणायला गेली. लेकीने फोटो ओढून घेतला आणि नाकाजवळ नेऊन तपासला.

"आजोबा, हा नका ठेवू. यात तुमचा फक्त कान नीट आलाय."

"येऊ दे की," बाबा म्हणाले. "सगळं आयुष्य ऐकूनच घेतलंय."